कैचीचा तळ कापू नका



पावसाळा तोंडावर आला की आपल्या वस्त्यांतून घराच्या डागडुजीची लगबग सुरू होते. कुणी कवेलूचे घर शाकारून घेतो, कुणी गंजलेला पत्रा बदलतो, कुणी भिंतीला गिलावा करतो. अलीकडे या कामांत आणखी एका कामाची भर पडली आहे. छप्पर बदलायचेच आहे तर ते थोडे उंच करावे, वर माळा काढावा आणि तिथे मुलांच्या अभ्यासाची सोय करावी, असा विचार अनेक कुटुंबे करू लागली आहेत. विचार चांगला आहे. 15 फूट रुंदीचा प्लॉट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे रस्ता, मागे नाली. घर वाढणार ते वरच वाढणार. स्लॅब टाकायचा तर खर्च झेपत नाही, आणि जुन्या भिंती तो पेलतील याची खात्रीही नसते. मग दुपाखी छप्पर आणि त्याच्या पोटात एक खोली, एवढाच मार्ग उरतो.

दुसरी गोष्ट अशी की, या छपराचा आराखडा आता घरातलीच मुले काढतात. आयटीआयचा मुलगा, पॉलिटेक्निकची मुलगी संगणकावर घर उभे करून दाखवते. स्केचअप नावाचे सॉफ्टवेअर 2000 साली निघाले, ते आता अनेक विद्यार्थ्यांच्या हातात आहे. स्वीट होम थ्री-डी हे तर फुकट मिळते. त्यात भिंती, दारे, पलंग, टेबल मांडून खोली कशी दिसेल ते बघता येते. काही परदेशी सॉफ्टवेअरमध्ये छपराची कैची काढण्याचेही साधन असते. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी अंगठा उठवला जात होता, त्या घरांतील मुलगी स्वतःच्या घराचा नकाशा काढते, याचा आम्हास मनापासून आनंद आहे. परंतु या आनंदात एक धोका लपलेला आहे. त्याविषयी वेळीच बोलले पाहिजे, म्हणून हा लेख.

प्रथम हे साधन काम कसे करते ते पाहू. सॉफ्टवेअरमध्ये आधी भिंती काढतात. मग छपराचे दोन पाखे काढतात आणि उतार किती अंशांचा ते सांगतात. खाली माळ्याची जमीन किंवा छत कुठे येते तेही सांगतात. त्यानंतर एका भिंतीच्या बाहेरील कडेपासून समोरच्या भिंतीच्या कडेपर्यंत रेघ ओढली की कैची आपोआप तयार होते. वरची बाजू पाख्याच्या उतारावरून ठरते, खालची बाजू छताच्या पातळीवरून. मधल्या आडव्या-तिरप्या काड्या संगणक भरतो. मग तीच कैची ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटवायची. अमेरिकेत हे अंतर बहुधा 2 फुटांचे असते, कारण तिथे कैच्या लाकडी असतात. 1950 च्या दशकात तिकडे दातेरी लोखंडी पट्ट्यांनी लाकडे जोडण्याची पद्धत निघाली आणि तेव्हापासून कैच्या कारखान्यात तयार होऊन ट्रकमधून येऊ लागल्या. कारखान्याचा इंजिनिअर प्रत्येक कैचीचा हिशेब करून देतो. घराच्या सॉफ्टवेअरमध्ये उमटलेली कैची ही फक्त जागा दाखवणारी असते, हिशेब पुढे वेगळा होतो.

आपल्याकडे तो कारखाना नाही आणि तो इंजिनिअरही नाही. आपल्याकडे चौकातला फॅब्रिकेशनवाला आहे. मुलीने काढलेले चित्र आपण मोबाइलवर त्याला दाखवतो, आणि तो चौकोनी पाइप कापून, वेल्डिंग करून तसेच उभे करून देतो. त्या चित्रातल्या कैचीला वजन नाही, वारा नाही, पाऊस नाही. तिची एखादी काडी पुसून टाकली तर संगणक हूं की चूं करीत नाही. खऱ्या घरात तीच काडी नसली तर भिंत फुगते.

कैची म्हणजे काय, हे समजायला मोठे शिक्षण लागत नाही. रंगारी वापरतो ती घोडा-शिडी सर्वांनी पाहिली आहे. दोन शिड्या वर बिजागरीने जोडलेल्या आणि खाली दोन्हींच्या मध्ये एक दोरी किंवा साखळी. वर माणूस चढला की शिडीचे पाय बाहेर पळू पाहतात, आणि दोरी त्यांना धरून ठेवते. दोरी तोडली तर काय होईल ते सांगायला नको. छपराची कैची अगदी तशीच असते. दोन्ही बाजूंचे तिरके वासे म्हणजे शिडीचे पाय. खालची आडवी तुळई किंवा पाइप म्हणजे दोरी. वाशांवर दाब येतो आणि तळच्या पाइपावर ताण येतो. तळचा पाइप भिंतीवर नुसता पडून आहे असे वाटते, पण तोच साऱ्या छपराला बांधून ठेवतो.

घरी मुलांना हे करून दाखवा. दोन लाकडी पट्ट्या वरून टेकवून गुळगुळीत फरशीवर उभ्या करा आणि टोकावर बोटाने दाबा; त्या लगेच फाकतील. आता खालची दोन टोके सुतळीने बांधा आणि पुन्हा दाबा. सुतळी ताठ होईल आणि पट्ट्या उभ्या राहतील. पाच मिनिटांच्या या खेळात कैचीचे अर्धे शास्त्र आले.

आता थोडा हिशेब करू. समजा घराची रुंदी 15 फूट, लांबी 20 फूट, छपराचा उतार 30 अंश, आणि दर 5 फुटांवर एक कैची. मंगलोरी कवेलू आणि त्याखालच्या पट्ट्या यांचे वजन भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे 65 किलो धरतात, म्हणजे चौरस फुटाला 6 किलो. उतारामुळे ते जमिनीच्या मापाने 7 किलोच्या घरात जाते. दुरुस्तीसाठी चढणारी माणसे वगैरे धरून आणखी 4 किलो. तेव्हा एका कैचीच्या वाट्याला 75 चौरस फूट छप्पर आणि सुमारे 8 क्विंटल वजन आले. हे वजन खाली भिंतीवर जाते, त्याची भिंतीला फारशी अडचण नसते. अडचण आहे ती आडव्या धक्क्याची. या मापाच्या छपरात प्रत्येक पायाला बाहेर ढकलणारा जोर सुमारे साडेतीन क्विंटल येतो. तळचा पाइप असेल तर तो हा जोर पोटात घेतो. नसेल तर तो जोर 4 किंवा 9 इंची विटांच्या भिंतीच्या डोक्यावर बसतो. विटांची भिंत वरून कितीही दाबा, ती सोसते. बाजूने ढकलली की तिचे काही चालत नाही. आणि छप्पर जितके चपटे, तितका हा धक्का जास्त. उतार 15 अंशांचा केला तर तोच जोर दुपटीहून अधिक होतो.

मग लोक हा पाइप कापतात तरी कशाला? डोके आपटते म्हणून. सारा घोळ इथेच आहे. 15 फूट रुंदी आणि 30 अंशांचा उतार असेल तर तळच्या पाइपापासून टोकापर्यंत उंची मधोमध जेमतेम सव्वाचार फूट मिळते. तिथे मोठे माणूस उभे राहू शकत नाही. म्हणून भिंती 4 फूट आणखी वर नेतात. आता मधोमध सव्वाआठ फूट उंची मिळते, खोली झकास दिसते. पण वाशांचे पायही 4 फूट वर गेले, आणि त्यांना बांधणारा पाइप माळ्याच्या मधोमध छातीच्या उंचीवर आला! संगणकावर तो पाइप निवडायचा आणि पुसायचा, की खोली मोकळी. वेल्डर म्हणतो, भाऊ, काढून टाकू. आणि शिडीची दोरी तुटते. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात उभी चीर पडते. घरमालक तिथे पुट्टी भरतो. चीर पुन्हा येते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात हाच प्रसंग आला होता. उत्तर नागपुरातले घर, वडील गवंडी, मुलगी पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला. तिने माळ्याचे चित्र काढले, वडिलांना दाखवले. वडिलांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "चित्र बढिया आहे बेटा. पण हे वजन जाते कुठं, ते सांग."

"भिंतीवर जाते, बाबा."

"सरळ खाली जाते, का भिंतीले धक्का देते?"

मुलगी गप्प झाली. मग तिने वहीत त्रिकोण काढला, कॉलेजात शिकवलेला हिशेब केला आणि तो धक्का किती येतो ते आकड्यात सांगितले. वडिलांनी तो आकडा पहिल्यांदाच ऐकला. धक्का मात्र त्यांना 25 वर्षांपासून ठाऊक होता. पुढे वडिलांनी सुचवले की मधे एक उभा पाइप टाकू, तो तळच्या पाइपावर उभा राहून टोकाला आधार देईल. तेव्हा मुलगी म्हणाली, "नाही बाबा. तो उभा दिसते, पण तो उभा नसते. तो वरून लटकते आणि खालच्या पाइपाले मधे झोल पडू देत नाही." वडिलांना हे नवे होते. किंग पोस्ट म्हणतात त्या कैचीचा मधला खांब खरोखरच असा लोंबता असतो. त्याचे खरे काम ताणाचे, दाबाचे नाही. त्या दिवशी त्या घरात दोघेही एकमेकांकडून शिकले. आम्हास वाटते, प्रत्येक घरात असेच व्हावे. जुन्या मिस्त्रीचा हात आणि नव्या पोरीचा हिशेब एकत्र आला तरच घर पक्के होते.

आता उपाय काय, ते पाहू. मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग, तळचा पाइप माळ्याच्या जमिनीतच ठेवायचा आणि उतार वाढवायचा. 45 अंशांचा उतार केला तर 15 फूट रुंदीत मधली उंची साडेसात फूट होते. साडेतीन फूट उंची, म्हणजे जमिनीवर मांडी घालून अभ्यासाला बसण्याजोगी जागा, 8 फूट रुंदीच्या पट्ट्यात मिळते. 5 फुटांची उंची मात्र फक्त मधल्या 5 फूट पट्ट्यात. कडेच्या बुटक्या जागेत पेट्या आणि गाद्या ठेवता येतात. यात छपराचे क्षेत्र वाढते, पत्रा जास्त लागतो, पण त्रिकोण अखंड राहतो. तथापि तळच्या पाइपावर आता दोन कामे येतात: छपराला बांधून ठेवणे आणि माळ्याचे वजन पेलणे. राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला 200 किलो, म्हणजे चौरस फुटाला सुमारे 19 किलो वजन धरावे असे मानक सांगते. 100 चौरस फुटांचा माळा म्हटला की 19 क्विंटल झाले. पुस्तके हलकी वाटतात, पण पुस्तकांनी भरलेली पत्र्याची पेटी एकट्याने उचलून पाहा! तेव्हा छपरापुरता घेतलेला पाइप माळ्याला चालणार नाही. तो जाड लागेल, आणि किती जाड ते हिशेबानेच ठरेल.

दुसरा मार्ग आपल्या आजोबांचा आहे. विदर्भातील जुनी कवेलूची घरे आठवा. त्यांत मधोमध लाकडी खांब असायचे, खांबांवर आढे, आणि आढ्यापासून भिंतीपर्यंत दोन्हीकडे फाटे. त्यात कैची नसे, तरी भिंती फाकत नसत. कारण छपराचे अर्धे वजन आढ्यावर, आणि आढ्यावरून खांबांतून सरळ जमिनीत जात असे. वासा वरून टांगल्यासारखा राहिला की तो भिंतीला ढकलत नाही. आजही दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर आणि मधे एका खांबावर लोखंडी आढे टाकता येते. मग माळ्यावर छातीत आडवा येणारा पाइप लागत नाही. मात्र आपल्या 15 बाय 20 फुटांच्या कवेलूच्या घरात मधल्या खांबावर निदान 8 क्विंटल येतात. तो खांब माळ्याच्या फळीवर उभा करून भागणार नाही. तो खालच्या खोलीतून पायापर्यंत गेला पाहिजे. खालच्या खोलीत मधे खांब नको असेल तर हा मार्ग सोडावा लागेल.

तिसरा मार्ग तडजोडीचा. वाशांच्या पायाशी असणारी पट्टी थोडी वर सरकवायची. पण ती जितकी वर, तितका ताण जास्त. टोकापर्यंतच्या उंचीच्या एक तृतीयांश वर नेली तर ताण दीडपट होतो, निम्म्यावर नेली तर दुप्पट; शिवाय वासे मधेच वाकू लागतात. एक तृतीयांशाच्या वर जाऊच नये, आणि तिथपर्यंत जायचे तरी वासे भक्कम घ्यावेत.

आतापर्यंत वजनाचे बोललो. आता वाऱ्याचे. मे-जून महिन्यात नागपूरकडे येणारी वादळे पत्रे कसे उडवतात ते आपण दरवर्षी पाहतो. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. हा 50 वर्षांतून एकदा येऊ शकणारा झोत. त्याचा दाब चौरस फुटाला 11 किलोच्या आसपास होतो. दाट वस्तीत तो कमी धरतात, पत्र्याच्या कडांना आणि कोपऱ्यांना जास्त. आणि हा वारा पत्र्याला खाली दाबण्यापेक्षा बहुतेक वेळा वर खेचतो. पत्र्याचे वजन चौरस फुटाला जेमतेम अर्धा किलो. आपल्या 300 चौरस फुटांच्या घरावरचा सारा पत्रा दोन क्विंटलही भरत नाही. वाऱ्याचा जोर अर्धाच धरला तरी तो सोळा क्विंटलांच्या वर जातो! अशा वेळी पत्र्यावर ठेवलेले दगड आणि टायर काय करणार? उलट तेच दगड गल्लीतल्या लेकराच्या डोक्यात पडतात. म्हणून पत्रा पर्लिनला हुक-बोल्टने, पर्लिन कैचीला, आणि कैची भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात आधीच पुरलेल्या बोल्टला, अशी साखळी पूर्ण हवी. एक कडी कच्ची तर सारी साखळी कच्ची. पर्लिन कैचीच्या सांध्यावरच यावी, दोन सांध्यांच्या मधे नको. मधे आली तर वरचा पाइप वाकतो. आणि कैच्या एकमेकींना तिरप्या पट्ट्यांनी बांधाव्यात, नाही तर त्या ओळीने उभ्या ठेवलेल्या पुस्तकांसारख्या एका अंगाला कलंडतात. संगणकावरच्या चित्रात या तिरप्या पट्ट्या बहुधा काढलेल्याच नसतात.

तिसरा शत्रू ऊन. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत पत्र्याखालच्या माळ्यावर लेकराला अभ्यासाला बसवणे म्हणजे भट्टीत बसवणे. यासाठी दोन्ही त्रिकोणी भिंतींत, टोकाजवळ, समोरासमोर झरोके ठेवा, म्हणजे वर साचलेली गरम हवा निघून जाईल. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. आतून बांबूच्या तट्ट्याचे किंवा फळ्यांचे दुसरे छत चार-सहा इंच अंतर सोडून लावा. एवढे करूनही मे महिन्याच्या दुपारी तिथे कुणाला झोपवू नका. कवेलू जड असले तरी खाली गारवा राहतो. पत्रा हलका असला तरी तापतो. कैचीचे माप यावरच ठरते, तेव्हा छपरावर काय टाकायचे ते आधी ठरवा. आज पत्रा आणि पुढे पैसे आले की कवेलू, असे मनात असेल तर कैची कवेलूच्याच वजनाची करून घ्या. कवेलू पत्र्याच्या बारापट भरते. आणि सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. तो कटरने कापू नका, फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी जीवघेणे आजार होतात.

छपराशी आपले नाते फार जुने आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्यांनी माथा वर करून पाहिले असेल, त्यांना छताला लागून ओळीने बसवलेल्या सागवानी फासळ्या दिसल्या असतील. त्या सुमारे 2000 वर्षांच्या आहेत. भाजे लेण्यातही जुने लाकूड टिकून आहे. परंतु या फासळ्या छत पेलत नाहीत. छत म्हणजे अखंड डोंगर, तो स्वतःला पेलतो. पूर्वी विहार आणि चैत्य लाकडाचे बांधले जात, त्या लाकडी छपराचे रूप कारागिरांनी दगडात जपले. ते रूप आहे, त्यावर भार नाही. संगणकावरची कैची हीदेखील अशीच भाराविना रूप असते. कार्ल्यात डोंगर होता म्हणून चालले. आपल्या घरावर डोंगर नाही, तिथे कैचीलाच भार घ्यावा लागतो.

भार घेणारी कैची नीट बांधली तर किती टिकते, याचाही दाखला आहे. इजिप्तमध्ये सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे. तिथल्या सहाव्या शतकातील लाकडी कैच्या आजही उभ्या आहेत. आणि नकाशाचे मोल किती असते, ते पॅरिसच्या नोत्र-दाम या चर्चने दाखवले. 15 एप्रिल 2019 रोजी आगीत त्याचे मध्ययुगीन ओक लाकडाचे छप्पर जळून गेले. परंतु 2014 मध्ये दोन वास्तुविशारदांनी त्या छपराची मोजमापे घेऊन तपशीलवार नकाशे करून ठेवले होते. त्यांच्या आधारे सुतारांनी तसेच छप्पर पुन्हा उभे केले आणि डिसेंबर 2024 मध्ये चर्च उघडले. मुलांनी काढलेले चित्र म्हणूनच वाया जात नाही. ते मोजून काढलेले असले पाहिजे आणि योग्य माणसाच्या हाती गेले पाहिजे.

तर मग करायचे काय? मुलांनी सॉफ्टवेअर जरूर वापरावे. घराची रुंदी, लांबी, भिंतीची जाडी, पायाची खोली, कुठे काँक्रीटचा पट्टा आहे आणि कुठे नाही, कुठे चीर आहे, हे सारे टेपने मोजून त्यात भरावे. उंची पुरते का, जिना कुठे बसतो, खिडकी कुठे येते, हे चित्रावर पाहून घ्यावे. यात संगणकासारखा मदतनीस नाही. कागदावर चूक खोडायला पैसे लागत नाहीत, वेल्डिंग झाल्यावर लागतात. त्यानंतर ते चित्र लायसन्स असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे न्यावे आणि त्याला नेमके प्रश्न विचारावेत. तळचा पाइप कुठे आहे आणि त्याला ताण किती? माळ्याचे वजन कोण पेलते? वारा वर खेचेल तेव्हा कैचीला कोण धरते? जुनी भिंत आणि पाया हे सारे घेतील का? पाइपाची जाडी आणि वेल्डिंगची लांबी कागदावर लिहून मागावी, आणि तो कागद वेल्डरच्या हाती द्यावा. इंजिनिअरची फी जड वाटते. पण छपरासाठी आपण भिशी उचलतो, दागिना गहाण टाकतो, पीएफमधून पैसे काढतो. ज्या कामात एवढे घालायचे, त्यात हिशेबाचे पैसे वाचवणे म्हणजे धरणाला दार न बसवणे होय. बांधकामाची परवानगी संबंधित कार्यालयातून घ्या. मंजूर नकाशाची प्रत घराच्या कागदपत्रांत जपून ठेवा. पुढे कर्जाला, नुकसानभरपाईला, मुलांच्या वाटणीला तीच कामी येते.

माता-भगिनींना दोन गोष्टी विशेष सांगाव्याशा वाटतात. लोखंडी कैची आणि पत्रा यांना विजेची तार कुठे घासली तर सारे छप्परच करंट मारते. घराचे अर्थिंग तपासून घ्या, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवा, आणि ओल्या कपड्यांची तार कैचीला बांधू नका. दुसरे, माळ्यावर जायला नुसती उभी शिडी नको. आग लागली, लेकरू अंधारात उतरले, म्हाताऱ्या सासूबाईंना वर जायचे झाले, तर कठडा असलेला जिनाच हवा. खिडकी अशी ठेवा की अडचणीच्या वेळी तिथून बाहेर पडता येईल.

बाबासाहेबांनी दादरला 1930 च्या दशकात राजगृह बांधले, तेव्हा वरच्या मजल्यावर ग्रंथांना जागा दिली, हे आपण सर्व जाणतो. त्या घराएवढे घर आपल्यापैकी कुणाचे नसेल. परंतु पत्र्याखाली का होईना, आपल्या लेकीला वर एक कोपरा मिळावा, तिथे तिची पुस्तके असावीत, दार लावून तिला वाचता यावे, ही इच्छा त्याच वाटेवरची आहे. त्या कोपऱ्यासाठी आई-बाप पोटाला चिमटा काढतात. म्हणून तो कोपरा मजबूत हवा. वर लेकरू वाचत बसले असताना खालच्या भिंतीत चीर पडत असेल, तर त्या अभ्यासाला काय अर्थ?

या पावसाळ्यापूर्वी एवढे तरी करा. आपल्या घराच्या, आणि ज्यांनी नुकताच माळा काढला आहे त्या शेजाऱ्यांच्या, छपराखाली उभे राहून वर पाहा. दोन्ही वाशांचे पाय एकमेकांना बांधलेले आहेत का? भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात उभी चीर आहे का? चीर असेल तर पुट्टी भरण्याआधी पेन्सिलने तिच्या टोकाशी खूण करा आणि तारीख लिहा. महिन्याभरात चीर खुणेच्या पुढे गेली तर माळा रिकामा करा आणि जाणकाराला बोलवा.

जय भीम.